बीटाच्या रसाचा सिनेमा

पोस्टरवर दोन लहान मुलं होती, मागे समुद्र होता आणि वरून बर्फ पडत होता. आता मला सांगा, असा फोटो पाहून कोणाही शहाण्या बाईला काय वाटेल? पोरांचा सिनेमा आहे, असंच वाटेल ना? मलाही तेच वाटलं. ऑगस्टमधली रविवारची दुपार होती, रायपूरचा चिकचिक उकाडा होता, नवरा रेल्वेत ड्यूटीवर होता आणि माझी चौथीतली लेक सोफ्यावर उताणी पडून पंख्याकडे बघत होती. पंख्याकडे बघणं हा त्या दिवसांत तिचा मुख्य उद्योग होता. मी म्हटलं, चल, सिनेमा लावते. ती 'लाव'ही म्हणाली नाही आणि 'नको'ही म्हणाली नाही.

सिनेमा कुठल्यातरी थंड देशातला होता. भाषा कोणती, ते मला अजूनही कळलेलं नाही. सगळे जण घसा खाकरत बोलल्यासारखे बोलायचे. खाली इंग्रजी अक्षरं धावत होती. लेकीला तेवढ्या वेगानं वाचता येईना, म्हणून मी वाचून वाचून मराठीत सांगायला लागले. सुरुवात छान होती. एका बेटावर राहणारी मुलगी, आई नाही, बाप मासे धरायला जातो, शाळेत तिच्याशी कोणी बोलत नाही. एका संध्याकाळी तिच्या खिडकीबाहेर एक मुलगा येऊन उभा राहतो. पांढराफटक, बर्फात अनवाणी. मी म्हटलं, बिचारा, गरिबाचा दिसतो. मग कॅमेरा त्याच्या तोंडाजवळ गेला, त्याने ओठ उघडले, आणि मला त्याचे दात दिसले.

अगं बाई! रक्तपिशाच्च!

रिमोट माझ्या हातातच होता. बंद करायला एक बटण दाबायचं होतं. पण शेजारी पाहिलं तर लेक उठून बसली होती. उठून बसली होती हो! शाळा सुरू झाल्यापासून मी त्या पोरीला कशासाठी म्हणून उठून बसलेलं पाहिलं नव्हतं. मग कोणतीही आई जे करेल तेच मी केलं. खोटं बोलले.

"काय पिऊन राहिला तो?" तिने विचारलं.

"बीटाचा रस. त्याले ॲनिमिया हाय."

"अन् ती मेंढी काहून आडवी पडली?"

"दमली."

पुढचा अख्खा सिनेमा मी असाच भाषांतरित केला. गावातली माणसं 'पिशाच्चाला शोधा' म्हणून ओरडत होती, आणि मी सांगितलं की त्याला औषधाची गोळी द्यायला शोधून राहिले. यातली गंमत अशी, की मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला आहे. सकाळपासून दुपारपर्यंत दंडाला रबर बांधून लोकांचं रक्त काढते. पोटापाण्यासाठी रक्त काढणारी बाई घरी येऊन रक्ताला बीटाचा रस म्हणत होती.

पण त्या सिनेमात एक गोष्ट होती, ती मात्र मी खरी खरी सांगितली. तो मुलगा कुणाच्याही घरात आपणहून शिरू शकत नाही. उंबरठ्यावर थांबतो. आतल्या माणसाने 'ये' म्हटल्याशिवाय त्याचं पाऊलच उचलत नाही. एकदा तर मुलीचा बाप त्याला पाहतो, दया येते, म्हणतो, आत ये बाबा, गारठशील. तरी तो जागचा हलत नाही. खाली अक्षरं आली, त्याचा अर्थ एवढाच, की मोठ्यांचं बोलावणं चालत नाही. ज्या पोराला सोबत पाहिजे, त्यानेच बोलवायचं. आणि ती मुलगी इतकी भिडस्त, की हा एक शब्द म्हणायला तिला पूर्ण सिनेमा लागतो. शेवटी म्हणते. तो आत येतो आणि चुलीजवळच्या स्टुलावर बसतो. बस्स, संपला. मी पदराने डोळे पुसत होते.

लेकीचे डोळे कोरडे होते. ती म्हणाली, "आई, ते रक्त होतं. बीटाचा रस इतका हळू नाही वाहत."

लॅबवालीची पोर शेवटी!

आता ही पोर पंख्याकडे का बघायची, ते सांगते. नवऱ्याची बदली झाली आणि आम्ही अमरावती सोडली, बडनेऱ्याला गाडी धरून रायपूरला आलो. तात्यापाऱ्यात तिसऱ्या मजल्यावर घर मिळालं. मला लॅबमध्ये नोकरी मिळाली, नवऱ्याला गप्पा मारायला चहाचा ठेला मिळाला, लेकीला काहीच मिळालं नाही. शाळेत सगळ्या हिंदी बोलणाऱ्या. हिला हिंदी येत नव्हती असं नाही, पण तिची हिंदी टीव्हीवरची, आणि इथल्या पोरी मधूनच 'हो'ला 'हव' म्हणत छत्तीसगढीत शिरायच्या. ही गप्प बसायला लागली. गप्प पोरीशी कोण बोलणार? डबा एकटी खायची. एका संध्याकाळी तिने अगदी शांतपणे, रडत वगैरे नाही, मला सांगितलं, "मले आजीकडे ठेव."

आजी म्हणजे माझी आई. अमरावतीत एकटी असते. मी म्हटलं, दिवाळीपर्यंत थांब. तोवर एकही मैत्रीण नाही झाली तर नेऊन सोडते. तिने माझ्याकडून वचन घेतलं. आणि आईला फोनवर हे कळलं मात्र, तिने माळ्यावरची खाट खाली काढली, गादीला ऊन दाखवलं, जुन्या शाळेत जाऊन विचारूनही आली. "जागा हाय म्हणे पोट्टीसाठी," असं तिने मला इतक्या आनंदात सांगितलं, की मला तिचाही राग आला.

मी आईला दर फोनला म्हणायचे, त्यापेक्षा तूच ये ना इकडे. ती म्हणायची, "पाहू बापा." लेकीच्या घरी जाऊन राहायचं म्हटलं की तिचं हे 'पाहू' ठरलेलं. माझं लग्न झाल्यापासून ती पाहूनच राहिली आहे.

सिनेमानंतर आठवड्याभरातच लेकीने एक संशोधन माझ्यासमोर मांडलं.

"आई, समोरच्या घरातली पोट्टी तुले दिवसा कधी दिसली काय?"

आमच्या दारासमोर दुसऱ्या फ्लॅटचं दार. तिथे एक बाई आणि तिची मुलगी राहायच्या, मुलगी आमच्या हिच्याच वयाची. मी आठवून पाहिलं. खरंच, दिवसा कधी दिसली नव्हती. अंधार पडला की जिन्यात चपला वाजायच्या आणि मग ती आमच्या जाळीच्या दाराशी येऊन उभी राहायची. आमच्याकडे आतलं दार उघडंच असतं, अमरावतीची सवय. उघड्या दाराचा अर्थ आमच्याकडे एकच, या. पण ही पोर यायची नाही. उभी राहून आत टीव्ही बघायची. मी कितीदा म्हटलं, "अंदर आ जा बेटा." मी म्हटलं रे म्हटलं, की ती आपल्या घरात धूम पळायची.

"पाहिलं?" लेक म्हणाली. "मोठ्यांचं बोलावणं चालत नाही."

"अगं, तिची आई पंडरीला साड्यांच्या दुकानात असते. शाळा सुटली की पोट्टी तिथंच जाते आईजवळ. म्हणून दिवसा नसते."

"असं तू म्हणतं. तू बीटाचा रसही म्हणली होती."

मी म्हटलं, अगं, पिशाच्च पांढरंफटक असते, ही तर चांगली सावळी, गुबगुबीत आहे. यावर तिचं म्हणणं असं, की इकडच्या उन्हात राहून झाली असेल. आता काय बोलता! पण खरं सांगू, मला बरं वाटत होतं. पोर कशाचा तरी विचार करत होती.

"मग तूच बोलाव ना तिले," मी म्हटलं.

ती पुष्कळ वेळ नखं कुरतडत बसली. मग म्हणाली, "मी बोलावलं अन् ती नाही आली तर?"

मी कणीक मळायला घेतली.

मग भाद्रपदाची पौर्णिमा आली आणि माझ्या डोक्यात भुलाबाई शिरली. भुलाबाई म्हणजे तुमच्या भोंडल्याची वऱ्हाडी बहीण समजा. पार्वती भिल्लिणीच्या रूपात शंकराला घेऊन माहेरी येते, म्हणून मातीची जोडी मांडायची, रोज संध्याकाळी पोरींनी जमून टाळ्या वाजवत गाणी म्हणायची, आणि शेवटी झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखायची. डबा हलवायचा, कान लावायचा, आणि ओरडायचं. ओळखली तर खायची, नाही ओळखली तरी खायचीच. मी लहानपणी या एका महिन्यात गल्लीतल्या सगळ्या पोरींशी भांडले आणि सगळ्यांशी जोडले गेले. म्हटलं, झालं, रामबाण सापडला.

पण रायपुरात भुलाबाई मिळणार कुठे? बूढ़ापाऱ्यात तलावाजवळ एक कुंभार बसतो, त्याच्याकडे गेले. त्याचा सगळा जीव नवरात्राच्या मूर्तींत. मी हातवारे करून समजावलं, एक बाई, एक माणूस, जोडीनं बसलेले. त्याने मागे जाऊन धूळ झटकत दोन बाहुल्या आणल्या. अक्षय्य तृतीयेला, म्हणजे इथल्या 'अक्ती'ला, इथली पोरं मातीच्या बाहुला-बाहुलीचं लग्न लावतात, त्यातली उरलेली जोडी. भुलोजीच्या डोक्याला चक्क बाशिंग! मी म्हटलं, द्या. देव आहे, चालवून घेईल.

पहिल्या संध्याकाळी मी मखरासाठी ज्वारीच्या ताटांऐवजी उसाच्या दोन कांड्या उभ्या केल्या, जोडी मांडली, दार सताड उघडं टाकलं आणि खड्या आवाजात गायला सुरुवात केली. नवरा नुकताच ड्यूटीवरून येऊन बनियनवर बसला होता, त्यालाही टाळ्या वाजवायला लावलं. टाळ्यांचा आवाज गेला की पोरी येतात, हे मला इतकं पक्कं माहीत होतं, की डब्यात वीस जणींना पुरतील एवढे लाडू होते.

कोणीही आलं नाही. म्हणजे एक जण आले. खालच्या मजल्यावरचे काका जिना चढून धापा टाकत आले आणि दारातून म्हणाले, "भाभीजी, सब ठीक तो है?"

नवरा हसून हसून आडवा पडला. मीही हसले, पण आतून पार फजिती झाल्यासारखं वाटत होतं. लेक हसली नाही. तिने बाहुल्यांसमोरची समई सारखी केली.

"आई, तू बोलावलं कोणाले?"

"भुलाबाईले कोणी बोलावते काय? आवाज आला की यायचं."

"तुह्या गावात. इथं त्यायले माहीतच नाही ना. त्या बाहेरच उभ्या राहतीन." मग ती आत गेली आणि कपडे न बदलताच चादर ओढून पडली. मी हिशोब केला, दिवाळी काही फार लांब नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी गायले नाही. आवाजही बसला होता आणि हौसही. दिवा लावला आणि स्वयंपाकघरात गेले. जिन्यात चपला वाजल्या. थोड्या वेळाने मी डोकावले तर समोरची पोर नेहमीसारखी जाळीला नाक लावून उभी होती. आज मात्र टीव्हीकडे नाही, बाहुल्यांकडे बघत होती. आणि माझी लेक खोलीच्या मधोमध उभी होती, दोन्ही हात फ्रॉकच्या खिशात घालून.

बोल गं माझी बाई, बोल.

ती दाराजवळ गेली. जाळी उघडली. घसा साफ केला, अगदी त्या सिनेमातल्या लोकांसारखा, आणि म्हणाली, "अंदर आ."

समोरची पोर हलली नाही. उंबरठ्यापलीकडून तिने वाकून स्वयंपाकघराकडे पाहिलं, म्हणजे माझ्याकडे, आणि हळूच विचारलं, "तेरी मम्मी सुई तो नहीं लगाएगी?"

घ्या! म्हणजे इतके दिवस आम्ही जिला पिशाच्च समजत होतो, ती मला पिशाच्च समजत होती! पावसाळ्याच्या सुरुवातीला तिला ताप आला होता, आईने लॅबमध्ये आणलं होतं आणि रक्त मी काढलं होतं. मला चेहरा आठवेना, रोज इतके दंड पाहते मी. तिला मात्र सगळं आठवत होतं. मी तिला म्हटलं होतं म्हणे, की मुंगी चावल्यासारखं होईल.

"चींटी ने नहीं काटा था," ती मला कडक आवाजात म्हणाली.

मी दोन्ही हात वर केले, कणकेचे. "आज छुट्टी है मेरी."

ती अजूनही विचारात. तेव्हा माझ्या लेकीने, जी शाळेत कुणाला पेन्सिलही मागत नव्हती, सरळ तिचा हात धरला. "मेरी मम्मी को छोड़. मैं बोल रही हूँ ना, आ."

आणि ती आली. चपला काढून, उजवं पाऊल आधी टाकून आली. आल्या आल्या बाहुल्यांपुढे बसली आणि ओरडली, "अरे, ये तो पुतरा-पुतरी हैं! इनकी शादी तो अक्ती में होती है!"

"हो गई शादी," माझी लेक म्हणाली. "अब मायके आई है."

"दूल्हे को लेके?"

"हव," लेक म्हणाली.

हव! मी हात धुऊन फोडणी टाकायला घेतली होती, कढईत पळी तशीच धरून उभी राहिले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते फोडणीमुळे नव्हतं, सरळ सांगते.

त्यानंतर ती रोज यायला लागली. दोन दिवसांनी तिने दुसऱ्या मजल्यावरच्या दोघींना ओढत आणलं. माझी गाणी त्यांना कळायची नाहीत, त्या कडव्याच्या शेवटाला मोठ्याने काहीतरी म्हणून टाळ्या पिटायच्या. भुलाबाई चक्क हिंदी-छत्तीसगढी झाली आणि मी मराठीसाठी जरा चिडचिड करून पाहिली, पण कोणी लक्ष दिलं नाही. एके दिवशी खिरापत लेकीने स्वतः ठरवली आणि मला करायला लावली. डबा फिरला. हलवला तर आवाज नाही. बर्फी, चूक. खीर, चूक. केळं, चूक.

"हिंट दे!" समोरची ओरडली.

"लाल है. वो लड़का पीता था ना, जो अंदर नहीं आ सकता था, वो."

समोरचीचे डोळे बशीएवढे झाले. "खून?"

आणि चौघी अशा खिदळल्या, की भुलोजीचं बाशिंग हलायला लागलं. डब्यात बीटाचा हलवा होता. तो सिनेमा तिने त्यांना कधी सांगितला, कोणत्या भाषेत सांगितला, मला पत्ताच नव्हता. मी विचारलंही नाही.

कोजागिरी झाली, भुलाबाईचं विसर्जन करायचं तर समोरचीने हट्ट धरला की पुढच्या अक्तीला लागतील, म्हणून जोडी तिच्या घरी राहायला गेली. दिवाळी आठवड्यावर आली. वचनाचा विषय मी काढत नव्हते आणि लेकही काढत नव्हती. मी चिवड्याचे पोहे भाजत होते तेव्हा आईचा फोन आला. लेकीने घेतला, स्पीकर सुरू.

"कवा येतं वं माय? खाटेवर नवीन चादर टाकली मी."

मी पळी थांबवली.

"आजी," लेक म्हणाली, "मी नाही येत. मले इथं मैत्रीण झाली. तीन झाल्या."

"बरं झालं वं," आई म्हणाली. "लय बरं झालं." मला फोनमधून तिच्या खोलीतला पंखा ऐकू येत होता, आणि ती नवीन चादर दिसत होती. इतके दिवस मी फक्त माझ्या पोरीच्या एकटेपणाची काळजी केली होती. मला एकदम रडू फुटलं. मी हात पुसून फोन घ्यायला निघाले, नेहमीचं 'तूच ये ना इकडे' म्हणायला.

लेकीने मला हाताने थांबवलं.

"आजी, तू ये."

"पाहू बापा."

"पाहू नाही. आईनं बोलावलं तर तू येत नाही, मले माहीत हाय. मोठ्यांचं बोलावणं चालतच नाही. म्हणून मी म्हणून राहिली. मी बोलावते तुले. तू ये. आत ये."

पलीकडे आईने नाक ओढलं.

"गाडी बडनेऱ्याले किती वाजता येते," ती म्हणाली, "इचार बरं तुह्या बापाले."